ह्यांना ओरडायला मी शिकवलं

आमच्या सोसायटीतल्या सुना मला विचारायच्या, "काकू, असा नवरा मिळायला काय व्रत केलं होतंत?" नव्वदी ओलांडलेला माणूस रोज सकाळी बायकोचं पातळ स्वतः धुतो, झटकून दोरीवर घालतो आणि काठाला काठ जुळवून बघतो, हे दाखवायला त्या आपापल्या नवऱ्यांना आमच्या गॅलरीसमोर उभं करायच्या. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळानं तर एकदा ह्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. एका लढाईत गोळ्या खाल्लेला आणि साठ वर्षं बायकोची बोलणी खाल्लेला वीर, असं काहीसं बोलून कोणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी म्हटलं, ह्यात माझं काही नाही, मी नुसती बघत बसते. लोक हसले. खरं म्हणजे मला सांगायचं होतं की ह्या माणसाला बिघडवण्यासाठी मी चांगले तीन आठवडे जिवापाड मेहनत घेतली होती आणि मी जवळजवळ यशस्वी झाले होते. पण सत्काराच्या कार्यक्रमात असलं बोलत नाहीत, म्हणून इथे लिहिते.

गोष्ट पिंपरीच्या माळावर कारखाने नुकते उभे राहू लागले होते तेव्हाची. आमचे हे दुसऱ्या महायुद्धात पार इटलीपर्यंत जाऊन आलेले, पलटणीत नाईक होते. परत आल्यावर सहा वर्षं गावी शेती केली आणि मग एका कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याच्या कामाला लागले. लग्नात हे बत्तीस वर्षांचे, मी अठराची, दोन तालुके पलीकडची. मिशीवाला, उंचापुरा, पलटणीतून आलेला मुलगा बत्तिशीपर्यंत बिनलग्नाचा कसा राहिला, हे माझ्या वडिलांनी विचारलं नाही आणि मला विचारायची सोय नव्हती. मी मात्र सातवी पास होते. त्या शिक्षणाचा मला इतका ताठा होता की जगातलं आपल्याला न कळणारं असं फार थोडं उरलंय, अशी माझी खात्री होती.

चिंचवड गावठाणाच्या कडेला पत्र्याच्या सहा खोल्यांची रांग होती, त्यातली एक आमची. बाकीच्या पाच खोल्यांत नुसते पुरुष. कोणी नगरचे, कोणी कोकणातले. बायका गावी सासूच्या हाताखाली, आणि नवरे खानावळीत जेवणार, अशीच तेव्हा रीत होती. मी तिथं होते हेच नवल होतं. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "ऱ्हा तिथं थोडे दीस, मग बघू." ह्या "मग बघू"चा अर्थ मी असा घेतला की मला परीक्षेला बसवलंय, आणि नापास झाले की परत गावी शेणगोठ्यात. मला शहर आवडलं होतं. हे आवडले होते. मला परत जायचं नव्हतं.

आणि आमचे हे वागायचे असे की मी नापास होणारच. सकाळी उठून केर काढणार, विहिरीवरून दोन हंडे आणणार, घोंगड्यांच्या घड्या अशा घालणार की कोपरा कोपऱ्यावर बसलाच पाहिजे. पितळेची भांडी चिंचेनं घासून फळीवर उंचीप्रमाणे उभी करणार. मी चुकून तांब्या पातेल्याच्या अलीकडे ठेवला, तर काही न बोलता जागेवर नेऊन ठेवणार. सुट्टीच्या दिवशी तर कहरच. धुण्याची बादली उचलून पवनेच्या घाटावर जाणार आणि गावच्या बायांच्या ओळीत बसून माझं नऊवारी लुगडं दगडावर आपटणार. पलटणीत शेकडो लोकांचे कपडे पुरुषच धुतात, त्यात काय एवढं, असं त्यांचं म्हणणं. घाटावरच्या बायांचं म्हणणं वेगळं होतं. त्या मला राणीसाहेब म्हणायच्या. आमची घरमालकीण, जाडजूड, गावठाणातल्या जुन्या घराची, तिनं तर एकदा मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की नवऱ्याला काय चारलंस. नवरा बायकोच्या मुठीत गेला म्हणजे तिनं त्याला काहीतरी खाऊ घातलं असणार, हा तेव्हाचा सरळ हिशेब होता. मी शपथेवर सांगितलं की भाकरीशिवाय काही चारलं नाही. त्यातल्या निम्म्या भाकऱ्या ह्यांनीच थापलेल्या असायच्या, एवढं मात्र सांगितलं नाही.

अशात सासूबाईंचं कार्ड आलं. कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. आळंदीला दर्शनाला यायचं आहे, तेव्हा चार दिवस तुमच्याकडे राहून बघून जाईन. ते "बघून जाईन" मी दहा वेळा वाचलं. आमच्या माहेरच्या आळीत एकीच्या सासूनं मुलाला नुसती पाण्याची कळशी उचलताना बघितलं आणि सुनेला दुसऱ्या दिवशी गावी नेलं होतं. इथे तर मुलगा लुगडी धूत होता. माझ्याकडे तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत मला ह्या माणसाचा इतरांसारखा नवरा करायचा होता.

मी दोन कलमं काढली. पहिलं, घरातल्या कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. खाटेवर बसायचं आणि पाणी मागायचं. दुसरं, रोज कामावरून आल्यावर थोडा वेळ माझ्यावर ओरडायचं, शेजारीपाजारी ऐकू जाईल असं. आधीपासून सवय केली म्हणजे सासूबाई येईपर्यंत सहज जमेल आणि घरमालकीणही साक्षीला असेल. इतकी दूरदृष्टी पुढे मला आयुष्यात कधी दाखवता आली नाही.

पहिल्या कलमाला हे कसेबसे तयार झाले. दुसऱ्याला म्हणाले, "नको. मला वरडायचं न्हाई."

मला वाटलं लाजतायत. मी परत समजावलं, मला गावी जावं लागेल म्हणून सांगितलं, डोळ्यांत पाणीही आणलं. हे परत म्हणाले, "दुसरं काय बी सांग." दोनदा सांगितलं त्या माणसानं. मी ऐकलं नाही, ह्याची मला आजही लाज वाटते.

पहिल्या दिवशी विचारलं, काय म्हणून ओरडू? मी म्हटलं, भाजीत मीठ नाही म्हणून. हे भाजी चाखून म्हणाले, मीठ आहे की. मी म्हटलं, नाही असं समजा. मग हे दाराशी जाऊन ताठ उभे राहिले, अंगठे विजारीच्या शिवणीला लावले आणि ओरडले, "मीठ न्हाई." वरचा पत्रा वाजला. मैदानावर पाचशे माणसांना मीठ नसल्याचं कळवावं तसा तो आवाज होता. पुढे काय बोलायचं हे त्यांना सुचेना. शिव्या त्यांना येत असणार, पण बायकोला द्यायच्या कशा हे येत नव्हतं. तेव्हा जे येत होतं त्यावर आले. अटेन्शन, राइट टर्न, क्विक मार्च. आणि मी, पिठाच्या हातांनी, भीतीनं खरोखरच उजवीकडे वळले आणि चुलीपर्यंत चालत गेले.

दुसऱ्या दिवशी गावठाणात बातमी झाली होती की पलटणवाला बायकोला कवायत करायला लावतो. माझा भाव एकदम वधारला. घाटावर बाया सरकून मला बरा दगड देऊ लागल्या. कोणी हळूच विचारायचं, मारतात का गं? मी काही न बोलता उसासा टाकायची. एकदा तर पदराचं टोक डोळ्यांना लावलं. कोणीतरी माझी कीव करतंय ह्यात इतकं सुख असतं हे मला माहीत नव्हतं. घरमालकीण म्हणाली, "आता कसा मानूस वाटतोय. बायकूला धाक पायजेच." आणि मला वाटीभर ताक दिलं.

ह्या गडबडीत ह्यांचं काय चाललंय ते मी बघितलं नाही, किंवा बघितलं आणि उलटंच समजले. हे खाटेच्या कडेला बसून राहायचे. मोकळे हात घोंगडीची किनार चाचपत असायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत. जेवण कमी झालं. एकदा मी आत असताना ह्यांनी केरसुणी उचलली, तर मी धावत येऊन ती हिसकावून घेतली. रोजचं ओरडणं आधी आवरतं असायचं, ते हळूहळू लांबायला लागलं. एका संध्याकाळी मी हातानं पुरे, पुरे म्हणून खुणावलं तरी हे थांबेनात. माझ्याकडे बघत होते, पण नजर माझ्या मागे कुठेतरी. थांबले तेव्हा सदरा घामानं भिजला होता. मी काय म्हणावं? "आज अगदी खरं वाटलं," असं मी म्हणाले, आणि वर ह्यांना गुळाचा खडा दिला.

सासूबाई आल्या. हे ड्यूटीवर होते, मीच चिंचवड स्टेशनवर जाऊन त्यांना घेऊन आले. गाठोडं खाली ठेवायच्या आत घरमालकीण पुढं झाली आणि मी तीन आठवडे ज्याची वाट बघितली ते वाक्य आपणहून बोलली. "तुमचा ल्योक रोज वरडतो बगा. समद्या आळीला ऐकू जातं." मी मान खाली घालून, जमेल तितकी गरीब होऊन उभी राहिले. वर बघितलं तर सासूबाईंचा चेहरा उतरला होता. त्या उंबऱ्यावरच बसल्या. दमल्या असतील म्हणून मी पाणी आणलं.

पुढचे चार दिवस त्या आळंदीचं नाव काढेनात. उंबऱ्यावर बसून मुलाकडे बघत राहायच्या. मी स्वयंपाक, केर, पाणी सगळं एकटी करत होते आणि त्यांचं लक्षच नव्हतं. एवढ्या मेहनतीचं चीज होईना म्हणून मला रागही आला. संध्याकाळी मी ह्यांना डोळ्यांनी खूण करायची आणि हे उभे राहायचे. चौथ्या दिवशी ह्यांनी आवाज चढवला, तसा सासूबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. त्यांनी तो उचललासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर त्या म्हणाल्या, "गाठुडं बांध."

म्हणजे झालंच. मी रडत विचारलं, माझं काय चुकलं? घरातली काडी ह्यांना उचलू देत नाही, ह्यांचा धाक सगळ्या आळीला माहीत आहे, अजून काय करायला हवं होतं?

"तुझं एकटीचं न्हवं. दोगांचं बांध. त्याचं पुन्यांदा सुरू झालंय."

काय सुरू झालंय, ते त्यांनी मग सांगितलं. लढाईत एका नदीच्या काठी गोळे पडायला लागले तेव्हा ह्यांनी आपल्या हाताखालच्या जवानांना आडवं व्हायला सांगितलं होतं. सगळे झाले. शेजारच्या गावचा एक जवान उभाच राहिला. ऐकू गेलं नाही की भीतीनं थिजला, कोण जाणे. ह्यांनी नंतर माणसं मोजली तेव्हा तो एक कमी होता. गावी आल्यावर हे भर दुपारी शेतात मध्येच थांबायचे आणि ओरडायचे, आडवं व्हा. समोर कोणी उभं दिसलं की जास्तच पेटायचे. पोरीचा कुठला बाप अशा माणसाला मुलगी देतो? म्हणून दोन तालुके लांबची मुलगी शोधली.

"मंग मी आडवी व्हायची," सासूबाई म्हणाल्या. "बाजरीत, चिखलात, आसंल तितं. आडवं झालं की येतो, मोजतो, आन गप व्हतो. गावच्या बाया हासायच्या. आन हाताला काम दिलं की डोकं गप ऱ्हातं, म्हनून धुनं-भांडी मीच लावली त्याला. तुला हितं धाडलं ते तरी कशापायी? त्याच्याजवळ कुनीतरी पायजे म्हनून."

तीन आठवडे मी त्या हातांतून केरसुणी काढून घेत होते. मी खाली बसून सगळं कबूल केलं. कलमं, खुणा, मिठाची भाजी, गुळाचा खडा, सगळं. सासूबाई ऐकत राहिल्या. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्याला गप करायला मला सा वर्सं लागली," त्या म्हणाल्या, "आन तू त्याला वरडायला शिकवलंस व्हय?"

मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या की चूक त्यांचीही आहे. माझ्या वडिलांपासून लपवलं. मला ह्या माणसाजवळ राहायचं नसेल तर त्या स्वतः मला माहेरी पोचवतील आणि माझ्या वडिलांसमोर मान खाली घालून उभ्या राहतील. नीट इचार कर आन सांग, म्हणाल्या. जगातलं सगळं कळणारी मी उठले आणि पीठ मळायला घेतलं, ते पातळ झालं.

दुसऱ्या दिवशी ह्यांची सुट्टी होती. सासूबाईंनी बादली ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तीन आठवड्यांनी त्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि मला पुन्हा रडू यायला लागलं. आम्ही तिघं घाटावर गेलो. बायांनी आधी ह्यांच्याकडे, मग लुगड्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. घरमालकीण तिथंच गुडघाभर पाण्यात उभी होती. माझी तीन आठवड्यांची कमाई तिच्या नजरेत बुडताना मला स्वच्छ दिसली.

नदीपलीकडे एका नव्या कारखान्याच्या पायाला काळा पाषाण लागला होता आणि त्याच आठवड्यात तिथं सुरुंग लावायला लागले होते. आधी शिट्टी वाजायची. त्या दिवशी धुण्याच्या आवाजात ती कोणाला ऐकू आली नाही. एकदम जमीन हादरली आणि पाठोपाठ आवाज आला.

ह्यांच्या हातातलं लुगडं पाण्यात गेलं. हे उभे राहिले होते. "आडवं व्हा."

हा आवाज मी शिकवलेला नव्हता. बाया दचकल्या आणि मग हसायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, झाली बाई कवायत सुरू. हे माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांना दिसत नव्हते. "आडवं व्हा, सांगतोय न्हवं." ह्या वेळी आवाज चिरकला.

मी ताबडतोब आडवी झाले असं लिहायला मला फार आवडेल. पण मी आधी बायांकडे बघितलं. अंगावर सासूबाईंना दाखवायला नेसलेलं माझं एकुलतं चांगलं लुगडं होतं, खाली साबणाचं पाणी आणि चिखल होता, आणि ज्यांच्या बोलण्यापायी मी घर उलटंपालटं केलं होतं त्या सगळ्या जणी समोर होत्या. मग मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांची हनुवटी थरथरत होती. मी चिखलात पालथी पडले, तोंड खाली घालून.

शेजारी धप्प आवाज झाला. सासूबाई. त्यानंतर आणखी मोठा आवाज झाला आणि पाणी उडालं. दोघी एकदम पडल्या म्हणजे साप-बीप निघाला असेल, अशा समजुतीनं घरमालकीणही धावत येऊन आडवी झाली होती आणि काय झालं, काय झालं म्हणून पुटपुटत होती. बाकीच्यांचं हसणं थांबलं होतं.

सासूबाईंनी चिखलातच तोंड माझ्याकडे वळवलं. "पोचवू का म्हायेरी?" त्यांनी हळू विचारलं.

"गप पडा, आत्याबाई," मी म्हटलं. "ते मोजतायत."

ह्यांची पावलं जवळ आली. आधी घरमालकिणीपाशी थांबली, मग सासूबाईंपाशी, मग माझ्यापाशी. ओला हात माझ्या पाठीवर टेकला आणि तसाच राहिला. हे खाली बसले होते, श्वास हळूहळू खाली येताना ऐकू येत होता.

"उठा आता," म्हणाले. "समदी हायेत."